रकाने जुळवू, ग्रंथ खुले करू



डॉ. बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. त्याचे रकानेच्या रकाने ते एकहाती लिहीत. आज असे जुने लेख स्कॅन करून संगणकावर आणता येतात. परंतु ते अंध विद्यार्थ्याच्या कानी नीट पोहोचतात काय?

पान दोन रकान्यांचे असेल, तर अक्षरे ओळखणारी संगणकप्रणाली पुष्कळदा डाव्या रकान्याच्या ओळीला उजव्या रकान्याची ओळ जोडते. मग वाचून दाखवणारा आवाज अर्धे वाक्य इकडचे, अर्धे तिकडचे बोलतो. शब्द सारे बरोबर, अर्थ मात्र शून्य!

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की स्कॅन करून थांबू नका. प्रत्येक रकान्याला वेगळी चौकट आखून क्रम द्या. आधी डावा संपूर्ण, मग उजवा. ओळीअखेर तुटलेला शब्द सांधा. रकाना बदलताना दुभंगलेला परिच्छेद एक करा. मथळ्याला मथळ्याची खूण करा, पृष्ठक्रमांक राखा. शेवटी डोळे मिटून स्वतः ऐका.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदाही दिव्यांगांसाठी विनानफा अशा प्रती करण्यास मुभा देतो. अडचण कायद्याची नाही, हातांची आहे.

ज्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे सत्याग्रह सुरू झाला, तेथे ज्ञानाचे दार कोणालाही बंद राहता कामा नये.

जयभीम! नमो बुद्धाय!