दार उघडं आहे. 'आत या' कोण म्हणणार?



आम्ही गिरणीत काम केलेली माणसं, शाळा अर्धवट सुटलेली. तरीही आज आम्ही संगणकावर बोलणार आहोत. कारण विषय यंत्राचा नाही, माणसानं माणसाशी कसं वागावं याचा आहे.

१९९१ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतलं. आज आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच्याच पायावर चालतो. त्याचा कोड जगाला खुला आहे. कोणीही वाचावा, सुधारावा, आपली दुरुस्ती पाठवावी. यालाच ओपन सोर्स म्हणतात.

पण दार उघडं असलं म्हणजे आतली माणसं 'या, बसा' म्हणतातच असं नाही. तिथे दुरुस्ती चुकली की चारचौघांत पाणउतारा व्हायचा. खुद्द टोरवाल्ड्स त्यात पुढे असत. काम चोख हवं तर जीभ कडकच पाहिजे, असं त्याचं समर्थनही होई. आता बघा, खात्यात नवा बदली कामगार आला आणि त्याच्या हातून धागा तुटला. जॉबर त्याला जोडायला शिकवील, नाहीतर सर्वांदेखत आईबहिणीवरून बोलेल. धागा दोन्ही वेळा जोडला जातो, पण दुसऱ्या वेळी तो पोरगा उद्या कामावर येत नाही. लिनक्समध्येही तेच झालं. एका नामांकित प्रोग्रामरने याच भाषेला कंटाळून काम सोडलं आणि २०१५ साली तसं जाहीर लिहिलं.

त्याच वर्षी एक नियम झाला होता. पण काय चालणार नाही, हे त्यात स्पष्ट नव्हतं. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी जाहीर माफी मागितली, काही आठवडे ते कामापासून दूर राहिले आणि लिनक्सने नवी आचारसंहिता स्वीकारली. तिचा मूळ मसुदा कोरालाइन एडा एमकी यांनी २०१४ साली केला होता. वंश, धर्म, शिक्षण, अनुभव, आर्थिक स्थिती यांवरून कुणाला कमी लेखू नये, असं लिनक्सच्या संहितेत लिहिलं आहे. त्या मूळ मसुद्याच्या २०२१ च्या आवृत्तीत तर 'जात' हा शब्दही आला. बंधूंनो, त्या एका शब्दाचं मोल आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मात्र नियम भिंतीवर टांगून भागत नाही, तो पाळून घेणारं कुणी लागतं. २०२४ साली एका जाणत्या प्रोग्रामरने सहकाऱ्याला अपशब्द वापरले. आचारसंहिता समितीच्या शिफारशीवरून लिनक्सच्या ६.१३ या एका आवृत्तीपुरतं त्याचं काम घेतलं गेलं नाही. माणूस हुशार होता, तरी नियम नियमच राहिला.

तरुणांनो, तुम्ही या कामात उतरा. चूक दाखवायची तर कामातली दाखवा, माणसाची लाज काढू नका. तक्रार कुणाकडे करायची, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. आणि तुमच्या मागून बिचकत येणाऱ्याला 'आत ये' म्हणणारे पहिले तुम्ही व्हा.

एवढे बोलून आम्ही थांबतो. जय भीम.