डावा हात आणि घोड्यावरून पडलेला नायक

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवलाय.)

मागच्या भागानंतर तिघा-चौघांनी विचारलं, "तू कीबोर्ड शिकतोयस म्हणे, मग पॉडकास्ट सिनेमावर का?" तर आज दोन्हीबद्दल बोलतो. वेस्टर्न सिनेमा आणि प्रोग्रेसिव्ह रॉक. यांचा काय संबंध, असं वाटेल. मलाही वाटायचं. पण माझ्या घरात ते एकाच खोलीत येऊन बसलेत.

सुरुवात बाबांपासून. बाबांना दोन नाद. एक पेटी, दुसरा 'काऊबॉय पिक्चर'. कॉलेजात असताना अलका टॉकीजला इंग्रजी सिनेमा लागला की ते सायकलनं पोचायचे. 'मॅकेनाज गोल्ड' किती वेळा पाहिला, याचा आकडा दर दिवाळीला वाढतो. मी आठवीत असताना त्यांनी मला 'द सर्चर्स' दाखवला. १९५६चा, जॉन फोर्डचा. शेवटी सगळे घरात जातात आणि जॉन वेन एकटाच दाराबाहेर राहतो. बाबा म्हणाले, "बघ, बोलत नाही, पण सगळं करतो." तेव्हा मला वाटलं, हे स्वतःबद्दलच बोलतायत.

आता थोडा इतिहास. १९०३ साली एडविन पोर्टरनं 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' काढला. जेमतेम बारा मिनिटांचा. आणि त्याचं शूटिंग कुठं? न्यू जर्सीत! म्हणजे वेस्टर्नचा जन्मच मुळात पूर्वेकडचा. पुढं १९३९मध्ये फोर्डचा 'स्टेजकोच' आला आणि मोन्युमेंट व्हॅलीतले ते लाल सुळके म्हणजेच वेस्टर्न, असं समीकरण झालं. नायक उंच, शांत आणि नेम न चुकणारा.

मग हळूहळू त्या नायकाला तडे जायला लागले. 'हाय नून', १९५२. मार्शल घाबरलाय, गावभर मदत मागत फिरतोय, कुणी येत नाही. 'द सर्चर्स'मधला नायक तर उघड उघड कोमांचे लोकांचा द्वेष करतो. आठवीत मला हे दिसलंच नव्हतं. इंजिनिअरिंगला असताना तो परत पाहिला आणि बाबांशी कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणालो, "बाबा, त्या घोड्यावरून धडाधड पडणाऱ्या माणसांना साधं नावसुद्धा नाहीये." ते म्हणाले, "अरे, पिक्चर आहे तो." दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "तू म्हणतोस ते मी कधी मोजलं नव्हतं." विषय तिथंच संपला. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

१९६४ला इटलीहून सर्जिओ लिओने आला. कुरोसावाच्या 'योजिंबो'वरून त्यानं 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' केला, तोही न विचारता. प्रकरण कोर्टात गेलं. शूटिंग स्पेनमध्ये, संगीत एन्निओ मोरिकोनेचं. शीळ, चाबकाचा आवाज, इलेक्ट्रिक गिटार. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या वेळी तर मोरिकोनेनं संगीत आधी केलं आणि लिओने ते सेटवर वाजवून शूटिंग करायचा. आधी चाल, मग दृश्य! त्याच सिनेमात एक अख्खं कुटुंब गोळ्या घालून मारलं जातं. तो प्रसंग आठवा आणि मग 'शोले'मधलं ठाकूरचं अंगण आठवा. जपान, इटली, स्पेन असं करत वेस्टर्न १९७५ला कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत पोचला आणि त्यात आपले विजू खोटे कालिया झाले, सचिन अहमद झाला. बाबा म्हणतात, मूळ वेस्टर्न हाच. मी आता वाद घालत नाही.

आता कीबोर्डकडे येतो. १९७२ला एमरसन, लेक अँड पामर या इंग्लिश बँडचा 'ट्रिलॉजी' हा अल्बम आला. त्यात 'द शेरीफ' नावाचं गाणं आहे, सरळसरळ वेस्टर्नची गोष्ट, आणि त्याला लागून लगेच 'होडाऊन'. हे मूळचं एरन कोपलंडच्या 'रोडिओ' या १९४२च्या बॅलेमधलं. कोपलंड ब्रुकलिनचा माणूस, पण मोकळ्या माळरानाचा म्हणून जो आवाज आज आपल्या कानात असतो, त्यातला बराचसा त्याचा. कीथ एमरसननं ते हॅमंड ऑर्गनवर असं काही पळवलंय की घोड्यालाही धाप लागावी. पहिल्यांदा ऐकलं आणि ठरवलं, हे वाजवायचं. मला वाटलं, लहानपणी सहा वर्षं पेटी शिकलोय, जमेल की.

नाही जमलं. का, ते सांगतो. पेटीत उजवा हात वाजवतो आणि डावा भाता मारतो. म्हणजे माझ्या डाव्या हातानं सहा वर्षं फक्त हवा भरली होती! नाट्यसंगीतातल्या पायपेटीला भाता पायानं चालतो, तिथं दोन्ही हात मोकळे. मी ती कधी शिकलोच नाही. आणि प्रोगमध्ये तर डाव्या हाताला स्वतःचा संसार असतो. एमरसनचंच 'टार्कस' घ्या. सुरुवातीलाच डावा हात दहाच्या हिशोबात एक आकृती फिरवत राहतो आणि उजवा वर वेगळंच बोलतो. माझे सर म्हणाले, "आधी हातावर मोज." मी झपताल धरला. मात्रा दहाच, पण जोर भलत्याच जागी पडतो, त्यामुळे पार गोंधळलो. पिंक फ्लॉइडचं 'मनी' मात्र सातात आहे, तिथं रूपकाची सवय कामाला आली. आपल्याकडच्या मुलांना पाच-सातची भीती वाटत नाही, हा आपला फायदा. तोटा डाव्या हाताचा.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. फक्त डावा हात. दोनच मात्रांचा तुकडा. मेट्रोनोम ६०वर. सलग तीन वेळा स्वच्छ आलं, तरच ६४. एकदा चुकलं की परत ६०. आम्ही कोडमध्ये बग शोधताना हेच करतो, बाकी सगळं बंद करून एकच तुकडा चालवून बघायचा.

गेल्या वर्षी पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. चालणं-बोलणं वाचलं, उजव्या हाताची बोटं राहिली. पेटी खोक्यात गेली. फिजिओथेरपिस्टनं बोटांचे व्यायाम दिले, ते बाबा करेनात. दिवसभर खिडकीत बसून राहायचे.

त्याच दिवसांत मी एमरसनबद्दल वाचत होतो. त्याच्याही उजव्या हाताला मज्जातंतूचा त्रास झाला होता, शस्त्रक्रिया झाली, तरी तो वाजवत राहिला. २०१६मध्ये त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. पूर्वीसारखं वाजवता येणार नाही, लोक निराश होतील, ही काळजी त्याला खात होती, असं जवळच्या माणसांनी नंतर सांगितलं. जगातल्या सर्वोत्तम कीबोर्ड वादकांपैकी एक आणि त्याला ही भीती! मी लॅपटॉप मिटला आणि बाहेर जाऊन बाबांशेजारी बसलो.

त्या रात्री आम्ही 'अनफरगिव्हन' लावला. १९९२, क्लिंट ईस्टवुड. एके काळचा खतरनाक बंदूकबाज आता डुकरं पाळतोय. पिस्तुलानं डब्यावर नेम धरतो, चुकतो. घोड्यावर चढायला जातो, पडतो. बाबा मोठ्यानं हसले, किती तरी दिवसांनी. मग म्हणाले, "पडू देतात आता हिरोला. बरं केलं."

दुसऱ्या दिवशी मी पेटी खोक्यातून काढली. म्हणालो, "बाबा, माझा डावा आणि तुमचा उजवा, दोघंही पहिलीत आहेत. एकाच वर्गात बसू." ते काही बोलले नाहीत, पण बसले. मी ६० लावला. मी कीबोर्डवर डाव्या हातानं, ते पेटीवर उजव्या हातानं, सा-रे-ग-म. भाता मात्र त्यांचा डावा हात जुन्या सवयीनं झोकात मारत होता.

आज दहा महिने झाले. 'होडाऊन'मध्ये मी ८४वर आहे. एमरसनचा वेग अजून फार लांब आहे आणि कदाचित कधीच गाठणार नाही. बाबांची करंगळी अजून ऐकत नाही, त्यामुळे चार बोटांत बसेल असं ते वाजवतात. कधी मी चुकलो की मेट्रोनोम बंद करतात आणि म्हणतात, "परत साठ."

तर मंडळी, तुमच्या घरातही एखादं वाद्य खोक्यात पडलं असेल, तर या रविवारी नुसतं उघडून पुसून ठेवा. बाकीचं पुढं बघू. आणि मन फारच खचलं असेल, तर एकटे राहू नका, कुणाशी तरी बोला. भेटू पुढच्या भागात. तोवर, साठवरच राहा!