पैंजण मोडताना चांदी कमी का भरते?

वाशीच्या सराफाकडे जुनी पैंजणं मोडायला नेली की तो घट कापतो, आणि आपण म्हणतो, लुटलं!

थांबा जरा. आपल्याकडची बरीच पैंजणं कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत बनतात. चांदी वितळवायची, तार ओढायची, कड्या वळायच्या, मग एकेक कडी झाळून जोडायची, घुंगरू लावायचे. यातलं कितीतरी काम बायका घरीच करतात.

आता ही झाळायची चांदी शुद्ध नसते. तिच्यात तांबं-जस्त मिसळतात, कारण ती कडीच्या आधी वितळायला हवी ना! नाहीतर कडीच जायची. म्हणून पैंजण जितकं नाजूक, तितके जोड जास्त, आणि घटही जास्त.

अर्थात याच सबबीखाली कमी टंचाची चांदीही खपवली जाते. तेव्हा हॉलमार्क बघा. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही एचयूआयडी मिळू लागला, सुरुवातीला ऐच्छिकच. तो नंबर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून बघता येतो. छाप नसेल तर निदान बिलावर टंच लिहून घ्या. मोडायला जाल तेव्हा तेवढाच कागद कामाला येतो.