वर्गातील चित्रकथा आणि आपली मुले



या देशात जन्मलेल्या आपल्या मुलांना अस्पृश्यता म्हणजे काय हे कसे समजावून सांगावे, हा प्रश्न आम्हांस नेहमी पडे. रविवारच्या वर्गात आम्ही बाबासाहेबांच्या पदव्या सांगत असू: लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन, १९२३ ची डी. एस्‌सी. मुले पाठ करीत. विचारीत मात्र काहीच नसत.

पुढे आम्ही 'भीमायन' ही चित्रकथा वर्गात आणली. नवयान प्रकाशनाने ती २०११ साली दिल्लीत काढली. टेट पब्लिशिंगने त्याच वर्षी येथेही प्रसिद्ध केली. कथन श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे, चित्रे परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व सुभाष व्याम यांची. १९७९ च्या 'अमर चित्र कथे'तील चौकोनी चौकटी येथे नाहीत. मायेचे बोल पक्ष्याच्या आकारात येतात, तर विषारी बोलांना विंचवाची नांगी असते. शब्दही डंख मारतो, हे लहान मुलालाही न सांगता उमगते.

१९०१ च्या सुमारास भीमराव भाऊ व भाच्यांसह मसूर स्थानकावर उतरले, तो प्रसंग आम्ही वाचला. एका मुलीने विचारले, "त्यांच्याजवळ पैसे होते, मग पाणी का मिळाले नाही?" वर्ग स्तब्ध झाला. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, तीही स्वतः हाकावी लागली. पाणी मात्र कोणी दिले नाही. पैशाने जात पुसली जात नाही, हे उत्तर मुलांनी स्वतःच शोधले.

तथापि चित्रकथेवर थांबणे योग्य नव्हे. त्यानंतर आम्ही 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधील मूळ प्रसंग मोठ्याने वाचतो. चित्रकारांनी काय घेतले, काय गाळले, हे मुलांना शोधावयास लावतो. शेवटी आजी-आजोबांची एक आठवण चार चित्रांत काढावयास सांगतो.

येथेच खरी अडचण येते. अनेक घरांत हा भूतकाळ मुलांपासून झाकून ठेवला जातो. अस्पृश्यता ऐकून माहीत असलेल्या, परंतु तिची दाहकता न जाणणाऱ्या परकीयांना ती कळावी, म्हणून बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्या. आज आपली मुलेही तितक्याच अंतरावर उभी आहेत. म्हणून पालकांना आमची नम्र विनंती आहे: मुले कागद-पेन्सिल घेऊन विचारावयास आली, तर त्यांना खरे ते सांगा.

जयभीम!