सिनॉप्सिसच्या आधी



या परिषदेच्या अध्यक्षपदाबद्दल आभार मानतो आणि थेट मागच्या रांगांत बसलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे वळतो. आपल्या परिषदांत पुढच्या रांगा बोलणाऱ्यांच्या आणि मागच्या ऐकावं लागणाऱ्यांच्या असतात. आजचं भाषण मात्र मागच्यांसाठीच आहे.

१९३६ साली फ्रान्सिस ओल्डहॅम नावाची कॅनडातली एक मुलगी एम.एस्सी. संपवून शिकागो विद्यापीठात युजीन गायलिंग यांच्या फार्माकॉलॉजी विभागात दाखल झाली. नावावरून गायलिंगना तो मुलगा वाटला होता. त्यांच्या पत्राचा मायनाच ‘मिस्टर ओल्डहॅम’ असा होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सल्फानिलामाइडचं पातळ औषध घेतलेली माणसं मूत्रपिंडं निकामी होऊन मरू लागली. बळी शंभरावर गेले, त्यात कितीतरी लहान मुलं. औषध ओळखीचंच होतं. नवं होतं ते द्रावक, डायएथिलीन ग्लायकॉल. कंपनीनं रंग, वास, चव तपासली होती. विषारीपणा तपासला नव्हता, आणि तो तपासा असं कायदाही म्हणत नव्हता. गायलिंगांच्या विभागानं प्राण्यांवर प्रयोग करून दोष द्रावकाचा असल्याचं दाखवलं. ओल्डहॅमच्या वाट्याला उंदीर आले.

पुढे महायुद्धात मलेरियावरच्या औषधांचं काम करताना तिला दिसलं की, सशाच्या मादीच्या यकृतात क्विनाइनचं विघटन होतं, पण त्या मादीच्या पोटातल्या गर्भाच्या यकृतात ते होत नाही. त्या वेळी या निरीक्षणाकडे कोणी फारसं पाहिलं नसेल. १९६० मध्ये ती, आता लग्नानंतरची फ्रान्सिस केल्सी, अमेरिकेच्या औषध प्रशासनात रुजू झाली आणि सुरुवातीलाच टेबलावर थॅलिडोमाइडचा अर्ज आला. साठ दिवसांत हरकत घेतली नाही तर औषध आपोआप मंजूर, असा तेव्हाचा नियम. केल्सीबाईंनी माहिती अपुरी म्हणून अर्ज परत पाठवला. पुन्हा आला, पुन्हा पाठवला. मग ब्रिटिश मेडिकल जर्नलमधलं एक छोटं पत्र त्यांच्या वाचनात आलं: हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात. मोठ्या माणसाच्या मज्जातंतूंना जे इजा करतं ते गर्भाचं काय करील, हा प्रश्न त्यांनी कंपनीला विचारला. उत्तर नव्हतं. १९६१ च्या अखेरीस युरोपातून हातपाय नसलेल्या बाळांच्या बातम्या आल्या. अमेरिकेत ते औषध तेव्हा बाजारात आलंच नाही.

ही गोष्ट आपण बाईंच्या धैर्याची म्हणून सांगतो. धैर्य होतंच. पण मला त्यात एका विद्यार्थिनीचं शिक्षण दिसतं. ग्लायकॉल दिलेले उंदीर आणि सशाचा गर्भ जिनं स्वतः पाहिला, तिला एका पत्रातल्या मुंग्यांचा अर्थ लागला.

आता आपल्याकडे या. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडं बंद पडून गेले. ग्लिसरीनमध्ये तेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या मुलांनी खोकल्याचं औषध घेतलं, त्यातली कित्येक उपचारांसाठी इथे नागपुरात आणली गेली, आणि पुन्हा तेच रसायन. सल्फानिलामाइडच्या त्या बळींपासून ८८ वर्षं गेली. यकृतात त्याचं डायग्लायकॉलिक आम्ल होतं आणि ते मूत्रपिंडाच्या नलिका मारतं, हे आज आपल्याला ठाऊक आहे. परीक्षेत पाच मार्कांची टीप आपण लिहितोही. पण आपल्यापैकी किती विभागांत एखाद्या विद्यार्थ्यानं गावच्या दुकानातलं सिरप आणून, पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर चढवून पाहिलं आहे? ही तपासणी महाग नाही. तिचं सगळं सामान बी.फार्म.च्या प्रयोगशाळेत असतं.

आपण काय करतो? अमक्या वनस्पतीच्या पानांचा इथेनॉली अर्क, स्ट्रेप्टोझोटोसिननं मधुमेह केलेले विस्टार उंदीर, गटात सहा, डोस २०० आणि ४०० मिलिग्रॅम, तुलनेला ग्लिबेनक्लामाइड. दरवर्षी पान बदलतं. स्ट्रेप्टोझोटोसिननं बीटा पेशी खरंच मारल्या असतील तर त्याच पेशींकडून इन्सुलिन काढून घेणारं ग्लिबेनक्लामाइड त्या उंदरांत चालतं कसं, हे व्हायव्हाला विचारून पाहा. मुलगा गाइडकडे बघतो. गाइड घड्याळाकडे. विषशास्त्राचं प्रकरण तर दीड पानात आटोपतं: ओईसीडी ४२३, तीन माद्या, २००० मिलिग्रॅम, चौदा दिवस, मृत्यू नाही, सबब अर्क सुरक्षित. काढा वर्षभर पिणाऱ्या माणसाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

वनस्पतींशी माझं वैर नाही. १९४९ साली मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेवरचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि रक्तदाबाच्या उपचारांकडे जगाचं लक्ष वेगळ्या रीतीनं गेलं. पण त्यांनी सुरुवात रुग्णांपासून केली होती. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनीही तेच केलं. कोकणातला तांबडा विंचू चावलेला माणूस घामानं निथळतो, फुप्फुसात पाणी भरतं आणि मरतो. त्या विषानं शरीरात कॅटेकोलामाइनचा पूर येतो हे त्यांनी ओळखलं आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन, साधी स्वस्त गोळी, विंचवावर वापरली. यात नवा रेणू कुठेच नव्हता. अल्फा रिसेप्टर एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षात सगळेच शिकतात.

आणि आपल्या दाराशी यवतमाळ आहे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं रुग्णालयात आले, कित्येक दगावले. एकेका कीटकनाशकाचा एलडी५० पुस्तकात मिळतो. पण दोन-तीन औषधं एकाच पंपात, डोक्याएवढ्या उंच पिकात, ऑक्टोबर हीटमध्ये, घामेजलेल्या कातडीतून आत गेली तर काय होतं? ऑर्गनोफॉस्फेट असेल तर ॲट्रोपीन आहे, प्रॅलिडॉक्साइम आहे. मिश्रणातलं दुसरं औषध त्या जातीचं नसेल तर डॉक्टरनं काय करायचं? इथे दहा विद्यार्थ्यांचे प्रबंध पडून आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांना उंदीरसुद्धा लागणार नाहीत. ॲनिमल एथिक्स कमिटीच्या तारखेची वाट पाहत सहा महिने घालवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

अडचणी मला माहीत आहेत. फार्मसी कॉलेजला रुग्णालय नसतं, वैद्यकीय कॉलेजातल्या फार्माकॉलॉजीवाल्याला वॉर्डात कोणी बोलावत नाही, आणि दोघे एकमेकांच्या परिषदांना जात नाहीत. ज्याचा अर्क चालला नाही त्याला गाइड ‘डोस वाढवून बघ’ म्हणतो, कारण नकारात्मक निष्कर्ष छापायला कोणी तयार नसतं.

म्हणून आमसभेपुढे मी दोन ठराव मांडतो आहे. पहिला असा की, या परिषदेशी जोडलेल्या विभागांनी सिनॉप्सिस मंजूर करण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला तीन महिने जवळच्या रुग्णालयाच्या विषबाधा वॉर्डात पाठवावं. तिथे त्यानं औषधांच्या दुष्परिणामांचे फॉर्म भरावेत, नातेवाइकांकडून बाटल्या मागून घ्याव्यात, त्यांवरची लेबलं वाचावीत. दुसरा, पुढच्या वर्षीच्या परिषदेत एक पूर्ण सत्र न जमलेल्या प्रयोगांसाठी राखावं आणि त्यातल्या उत्तम निबंधाला आजच्या पोस्टर स्पर्धेइतकंच बक्षीस द्यावं. विरोध असेल तर दुपारच्या सभेत जरूर बोला. मतदान हात वर करून होईल, आणि मागच्या रांगांनाही मत आहे.