पाव, पोथी आणि पडदा

गोमंतकात येणारा प्रवासी देवालये पाहतो, चर्चे पाहतो आणि समुद्रकिनाऱ्यावरून परततो. परंतु तेथील माणसे सकाळी काय खातात, निवांतपणी काय वाचतात आणि उत्सवाच्या रात्री कशासाठी एकत्र जमतात, हे पाहिल्यावाचून त्या भूमीची ओळख पुरी होत नाही. या प्रश्नांची उत्तरे पाव, पोथी आणि नाटकाचा पडदा अशी देता येतील. या तिन्ही गोष्टींचा इतिहास एकाच सुखदुःखातून गेलेला आहे.

‘पाव’ हा शब्द मूळचा पोर्तुगीज; तो भाजणाऱ्या ‘पोदेरा’चे नावही त्याच भाषेतून आलेले. पूर्वी माडाची सूर घालून पीठ फुगवीत. पुढे तिची जागा यीस्टने घेतली. गाव झोपेत असता भट्टीत लाकडे पेटतात, तापलेल्या भट्टीत लांब दांड्याच्या फळीवरून पिठाचे गोळे सरकविले जातात आणि उजाडता उजाडता पोदेर सायकलीवरून भोंगा वाजवीत दारोदार निघतो. त्याच्या वडिलांच्या हाती भोंग्याऐवजी खुळखुळणारी बांबूची काठी असे. कडक कवचाचा उंडो, कोंड्याची पोकळ पोई, कात्रीने कापून आकार दिलेला कातरो, बांगडीसारखे कांकण, असे त्याच्या टोपलीतले प्रकार. याच पावाने एके काळी माणसे दुभंगली होती. सोळाव्या शतकात धर्मांतराचे वादळ सुटले, तेव्हा पाव खाल्ला म्हणजे माणूस बाटला, अशी समजूत रूढ झाली. आज तोच पाव हिंदूंच्या आणि ख्रिस्ती लोकांच्या घरी सारख्याच आवडीने घेतला जातो. हा बदल कोणत्याही फर्मानाने झाला नाही. रोजच्या न्याहारीने तो घडवून आणला.

ग्रंथांची कथा याहून निराळी नाही. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, तो धर्मप्रसारासाठी. पण धर्म सांगावयाचा तर लोकांच्या भाषेत सांगावा लागतो. म्हणून थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने मराठी ओवीचा आश्रय केला आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६८४ मध्ये लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम निघाला. हुकूम दप्तरात राहिला. बोली चुलीपाशी आणि शेताच्या बांधावर बोलली जातच राहिली. पणजीत १८३२ साली सरकारने ग्रंथालय स्थापिले. त्याच ग्रंथालयाला आज सोळाव्या शतकात श्रीकृष्णाचे चरित्र मराठीत लिहिणाऱ्या कृष्णदास शामाचे नाव आहे.

वाचनाला गावोगाव खरा आधार मिळाला तो रंगभूमीचा. देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनीच नाटक करावयाचे, ही गोमंतकाची जुनी रीत. दिवसा शेतात राबणारा रात्री राजा होतो, दुकानदार प्रधान होतो. पोर्तुगीज अमदानीत राज्यकारभार पोर्तुगीज भाषेत चाले आणि मराठीचे शिक्षण लोकांनी चालविलेल्या खाजगी शाळांवर अवलंबून असे. ज्यांना शाळा लाभली नाही, त्यांनी नक्कल पाठ करता करता भाषा कमावली. मंगेशीला १९०० साली जन्मलेले मास्टर दीनानाथ याच मातीतून वर आले. गोमंतकीय नोकरीधंद्यासाठी मुंबईस गेले, तेथेही नाटकाची ओढ सुटली नाही. कोंकणी ‘तियात्रा’चा पहिला प्रयोग १८९२ साली मुंबईतच झाला.

पाव दुसऱ्या दिवशी शिळा होतो. न उघडलेल्या ग्रंथाला कसर लागते. न खेळलेले नाटक म्हणजे नुसते कागद. या वस्तू पेटीत जपून ठेवता येत नाहीत. त्या पुन्हा पुन्हा कोणीतरी कराव्या लागतात. पोदेराचे काम रात्रीच्या जागरणाचे आणि भट्टीच्या धगीचे असल्याने त्याची मुले नोकरीकडे वळली, तर त्यांना दोष देता येणार नाही. दोष द्यावयाचाच, तर पावाची थोरवी गाऊन त्याचा रास्त दाम देण्यास कुरकुरणाऱ्यास द्यावा. नाटकाचेही तेच. प्रेक्षक पुष्कळ मिळतील. पण उत्सवाआधी महिनाभर तालमीला येणारा, पडद्याची दोरी ओढणारा आणि पडद्याआडून सूचना देणारा मिळाला नाही, तर प्रयोग उभा राहत नाही.

परक्याने आणलेली वस्तू गोमंतकाने आपली केली आणि आपली वस्तू परक्याच्या हुकुमाखालीही सोडली नाही. या दोन्ही गोष्टी रोजच्या परिपाठाने साधल्या. तो परिपाठ मोडू द्यावयाचा की चालवावयाचा, याचा निर्णय कोणत्याही सरकारी कचेरीत होत नाही. दारात येणाऱ्या पोदेराला, वाचनालयातील रिकाम्या बाकाला आणि तालमीच्या बोलावण्याला गावातले घर जे उत्तर देते, तोच तो निर्णय होय.