हात सुटत नाही तेव्हा

ईदची नमाज झाली की आमच्यात मुसाफा करतात, दोन्ही हातांनी हात मिळवतात. काही वर्षांपूर्वी धाकट्या भावानं माझा हात धरला तो सोडेचना. "भाईजान, बोटं उघडत नाहीत," तो ओशाळून म्हणाला. प्रेम उतू चाललंय म्हणून आम्ही हसलो.

मित्रहो, तो आजार होता. मायोटोनिक डिस्ट्रॉफी. यात आवळलेला स्नायू लवकर सैल होत नाही आणि वर्षागणिक ताकद कमी होत जाते. भाऊ दुकानात बसल्या बसल्या पेंगायचा. मी त्याला चारचौघांत आळशी म्हटलं होतं. दिवसा येणारी झोप हेही याच आजाराचं लक्षण, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझी मान खाली गेली.

मी बी. ए. झालेला माणूस, माझं विज्ञान बेताचंच. डॉक्टरांनी समजावलं ते असं : १९व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-टी-जी ही तीन अक्षरं साधारण ५ ते ३४ वेळा येतात. या आजारात ती ५० किंवा त्याहून अधिक, कधी हजारापेक्षाही जास्त वेळा येतात. हे १९९२ साली उमगलं. पुढच्या पिढीत ही संख्या बहुधा वाढते, म्हणून आजार लवकर आणि जोरात येतो. अम्मीला चाळिशीतच मोतीबिंदू झाला होता. भावाचे हात पस्तिशीत आखडले. त्याच्या मुलीला शाळेतच त्रास सुरू झाला. ड्युशेनसारखा स्नायूंचा आजार प्रामुख्यानं मुलग्यांना होतो. हा मात्र मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. मुलीच्या दुखण्याबद्दल घरात भावजयीला बोल लावले जात होते. वारसा आमच्याच बाजूचा निघाला.

आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. पण करण्यासारखं पुष्कळ आहे. हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून दरवर्षी ईसीजी काढावा. गरज पडल्यास पेसमेकर बसवतात. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला आजाराचं नाव जरूर सांगावं, कारण भुलीच्या काही औषधांनी श्वास अडू शकतो. आखडणाऱ्या हातांसाठी गोळ्या मिळतात, व्यायाम शिकवतात.

आणि एक काम घरच्यांचं. यंदाच्या ईदला भावानं हात धरला. मी ओढून घेतला नाही. त्याची बोटं उघडेपर्यंत थांबलो.